साखरपाण्यावर पिल्लं वाढत नाहीत
परसदारातलं जग : लेखांक ९

उन्हाळ्यात मुलांकडे न्यू जर्सीला किंवा नॉर्थ कॅरोलिनाला जाऊन राहणाऱ्या आईवडिलांना डेकवर टांगलेली साखरपाण्याची लाल बाटली चांगली ओळखीची असते. तिच्यापुढे हवेत थबकून पाणी पिणारा अंगठ्याएवढा पक्षी म्हणजे हमिंगबर्ड. आपल्याकडे जास्वंदीवर येतो तो शिंजीर, त्याचा आणि हमिंगबर्डचा काही संबंध नाही; हमिंगबर्ड अमेरिकेच्या दोन खंडांबाहेर कुठेच सापडत नाही. या बाटलीभोवती दर उन्हाळ्यात एक तक्रार ऐकू येते : पूर्वी किती यायचे, आता एखादाच दिसतो. आणि त्याला जोडूनच : फुलपाखरंही दिसेनाशी झालीत. दोन्ही गोष्टी एका दमात बोलल्या जातात, पण त्या वेगवेगळ्या तपासाव्या लागतात.

आधी पक्ष्याचं पाहू. अमेरिकेच्या पूर्व भागात घरटं करणारा हमिंगबर्ड एकच, रुबी-थ्रोटेड. वजन जेमतेम ३ ग्रॅम. हिवाळा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेत काढून तो वसंतात उत्तरेला येतो आणि त्यातले कित्येक मेक्सिकोच्या आखातावरून सुमारे ८०० किलोमीटर न थांबता उडतात. एप्रिल-मेमध्ये बाटलीवर झुंबड उडते त्यात हे वाटसरू बरेच असतात. जूनमध्ये ती ओसरते, कारण पुढे जाणारे पुढे गेलेले असतात आणि मागे राहिलेल्या माद्या संसाराला लागलेल्या असतात. सगळा भार मादीवरच. ती कोळ्याच्या जाळ्याचे धागे चोचीने ओढून आणते, त्यांत झाडांची मऊ लव गुंफते आणि बाहेरून दगडफुलाचे कपटे चिकटवते, त्यामुळे फांदीवरची गाठ आणि घरटं यांत फरक कळत नाही. धागे ताणले जातात, म्हणून आतली दोन पिल्लं वाढतात तशी वाटीही सैलावत जाते. जुलै संपताना पिल्लं उडती झाली की बाटलीवर पुन्हा गर्दी. तेव्हा जूनमधल्या शुकशुकाटाने घाबरून जायचं कारण नाही, तो सालाबादचाच आहे.

खरी घट आहे ती पश्चिमेकडच्या रूफस हमिंगबर्डमध्ये. १९७० पासून त्याची संख्या जवळपास दोन-तृतीयांशाने कमी झाली आहे. रुबी-थ्रोटेडची अवस्था तितकी वाईट नाही.

फुलपाखरांबाबत मात्र तक्रार शंभर टक्के खरी आहे. मार्च २०२५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. वेगवेगळ्या ३५ गणना-उपक्रमांतल्या ७६ हजारांहून अधिक नोंदी आणि सव्वा कोटीवर फुलपाखरं त्यात हिशेबात घेतली होती. निष्कर्ष असा, की २००० ते २०२० या काळात अमेरिकेतल्या फुलपाखरांची एकूण संख्या २२ टक्क्यांनी घटली. दुर्मीळ जातीच गेल्या असं नव्हे. रोजच्या पाहण्यातलीही विरळ झाली. मला हा आकडा फार अस्वस्थ करतो, कारण २० वर्षं म्हणजे एक पिढीही नाही. तिथे वाढलेल्या विशीतल्या तरुणाला आजचा बगीचा भरलेलाच वाटणार.

मोनार्क फुलपाखराचं उदाहरण घेऊ, कारण त्याची गोष्ट आपल्यालाही समजण्यासारखी आहे. मोनार्कचा जवळचा भाऊबंद आपल्याकडे रुईवर अंडी घालतो. मोनार्क घालतो ती रुईच्याच नात्यातल्या मिल्कवीडवर. मादी पानावर उतरते, पुढच्या पायांनी पान चाचपते, खात्री पटली की पोट वळवून बहुधा पानाखाली एकच अंडं चिकटवते आणि उडून जाते. बाहेर आलेली अळी आधी अंड्याचं कवच खाते. पान तोडलं की चीक येतो आणि त्यात ती चिकटून मरू शकते, म्हणून मोठी झालेली अळी आधी पानाची मधली शीर कुरतडते. चिकाचा ओघ तुटतो, पान मान टाकतं आणि मग ती निवांत खात बसते. मिल्कवीड सोडून दुसरं काही तिला चालत नाही. शेजारी फुलांचा ताटवा असला तरी ती उपाशी मरेल.

आणि हे मिल्कवीडच गेलं. मका-सोयाबीनच्या पट्ट्यात ते पिकांच्या ओळींमध्ये तण म्हणून उगवायचं. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात ग्लायफोसेट सोसणारी बियाणी आली, शेतभर तणनाशक मारता येऊ लागलं आणि मिल्कवीड साफ झालं. मोनार्क हिवाळ्यात मेक्सिकोच्या डोंगरांतल्या ओयामेल फरच्या जंगलात इतके दाटीने बसतात की ते मोजत नाहीत, त्यांनी व्यापलेली जागा मोजतात. १९९६-९७ मध्ये ती १८ हेक्टर होती. २०२३-२४ मध्ये ०.९. पुढच्या हिवाळ्यात १.७९ भरली, तेवढाच दिलासा.

शेतं गेली तरी घरांची अंगणं होती ना? ती हिरवळीखाली गेली. नासाच्या संशोधकांनी २००५ मध्ये उपग्रहचित्रांवरून केलेल्या अंदाजानुसार अमेरिकेत हिरवळीखाली १ लाख ६० हजार चौरस किलोमीटरहून अधिक जमीन आहे, म्हणजे निम्म्या महाराष्ट्राहून जास्त. कडेला झुडपं लावायची तर नर्सरीत मिळतं चीनमधून आलेलं बडलिया. त्याला म्हणतातच ‘बटरफ्लाय बुश’. फुलपाखरं त्यावर मध प्यायला येतात, पण तिथल्या जवळजवळ कोणत्याच फुलपाखराची अळी त्याच्या पानावर वाढत नाही. आपण बागेत लावतो ते हळदीकुंकूही मिल्कवीडच, मूळचं उष्ण अमेरिकेतलं. फ्लोरिडा-टेक्सासमध्ये ते हिवाळ्यातही हिरवं राहतं, त्यामुळे मोनार्क स्थलांतर टाळून तिथेच थांबतात आणि त्याच त्या झाडांवर रोगाचा परजीवी साठत जातो.

हमिंगबर्डचा धागा इथे येऊन मिळतो. साखरपाणी हे त्याचं उडण्याचं इंधन आहे. पिल्लांचं शरीर वाढतं ते चिलटं, मावे आणि छोटे कोळी खाऊन. मादी ते टिपून पिल्लांच्या घशात चोच खुपसून भरवते. डास नकोत म्हणून कुंपणाच्या झुडपांवर दर तीन आठवड्यांनी पायरेथ्रॉइड कीटकनाशक मारून घेण्याची पद्धत तिथल्या उपनगरांत पसरली आहे. ते डास आणि अळी असा भेद करत नाही. त्याच अंगणात बाटली टांगणं म्हणजे आईला चहा विचारून मुलांचं जेवण काढून घेणं.

वाढलेलं गवत आणि ‘रानटी’ झाडं दिसली की तिथल्या वसाहतींचे संघ नोटीस धाडतात, हीही मोठी अडचण. मेरीलँडने २०२१ मध्ये कायदाच केला, की देशी झाडांची आणि परागवाहकांसाठीची बाग संघाला सरसकट बंद करता येणार नाही. बाकीच्या राज्यांनीही हे करायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

मुलांकडे जाणार असाल तर मिल्कवीड त्या भागातलं स्थानिकच मागा, आणि कीटकनाशक न मारलेलं आहे ना ते विचारून घ्या, कारण फवारलेल्या रोपावर अळी मरते. बाटली जरूर ठेवा : एक वाटी साधी साखर, चार वाट्या पाणी, रंग अजिबात नको. मध आणि गूळही नको. उन्हात साखरपाणी लवकर नासतं, म्हणून दर दोन-तीन दिवसांनी बाटली गरम पाण्याने धुऊन पाणी बदला.

पुढच्या लेखांकात ओकच्या झाडाकडे जाऊ. शेकडो जातींच्या अळ्या पोसणारं हे झाड उपनगरांतून का तोडलं जातं, ते तेव्हा पाहू.