वाघनखे ‘परत’ आलेली नाहीत

शिवजयंतीचे व्यासपीठ वडगाव निंबाळकरचे असो की इंदापूरचे, इंग्रजांनी लुटून नेलेली शिवछत्रपतींची वाघनखे अखेर मायदेशी परत आली, हे वाक्य जुलै २०२४ पासून टाळ्या मिळवते. या एका वाक्यात तीन विधाने आहेत, आणि तपासायला घेतले तर तिन्ही डळमळतात.

वाघनखे परत आलेली नाहीत. महाराष्ट्र शासनाने लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाशी ३ ऑक्टोबर २०२३ रोजी जो करार केला, तो तीन वर्षांच्या उसनवारीचा आहे. १९ जुलै २०२४ पासून साताऱ्याच्या संग्रहालयात आणि पुढे नागपुरात लोकांनी रांगा लावून जी वस्तू पाहिली, तिची मालकी आजही लंडनकडेच आहे, आणि तेथील विश्वस्तांच्या मनात ती देऊन टाकायचे आले तरी, मोजके अपवाद वगळता, १९८३ चा ब्रिटिश वारसा कायदा त्यांना तसे करू देत नाही.

ती लुटून नेल्याचाही पुरावा नाही. पेशवाई बुडाल्यावर साताऱ्याचा कारभार ज्याच्या हाती आला आणि ज्याने १८२६ मध्ये मराठ्यांचा इतिहास प्रसिद्ध केला, त्या जेम्स ग्रँट डफला ती भेट मिळाली, अशी नोंद वाघनखांच्या पेटीवर आहे. पुढे त्याच्या वंशजाने ती संग्रहालयाला दिली. जिंकलेल्या मुलखात सर्वाधिकारी होऊन बसलेल्या माणसाला मिळालेली भेट कितपत राजीखुशीची असते, ही शंका रास्तच आहे, मात्र शंका घेणे वेगळे आणि लूट म्हणून ठोकून देणे वेगळे.

खरी अडचण, ती शिवछत्रपतींचीच आहेत, या तिसऱ्या विधानाची आहे. याच वाघनखांनी शिवाजीने ‘मोगल सेनापती’ मारला आणि पेशव्यांच्या ‘पंतप्रधाना’ने ती डफला दिली, असे पेटीवरचा इंग्रजी मजकूर सांगतो. अफजलखान मोगलांचा नव्हे, तर विजापूरच्या आदिलशाहीचा सरदार होता, हे चौथीचे इतिहासाचे पुस्तक वाचलेल्या मुलालाही ठाऊक असते. आणि पेशवा हाच मुळात छत्रपतींचा मुख्य प्रधान, तेव्हा त्याचा आणखी पंतप्रधान कोण, हे लिहिणाऱ्यालाच माहीत. प्रतापगडची भेट १० नोव्हेंबर १६५९ ची, डफ साताऱ्यास आला १८१८ मध्ये. मधल्या जवळजवळ १६० वर्षांत ही वस्तू कोणाकडे होती, हे ही पेटी सांगत नाही. वस्तू कोणाकडून कोणाकडे आणि कशी गेली, याच्या अखंड साखळीला संग्रहालयशास्त्रात मालकीचा इतिहास म्हणतात, आणि येथे नेमकी तीच साखळी तुटलेली आहे. ही तीच वाघनखे असल्याची खात्री देता येत नाही, असे खुद्द लंडनचे संग्रहालय सांगते, कोल्हापूरचे इतिहास अभ्यासक इंद्रजित सावंत यांनीही जाहीरपणे तसेच म्हटले, तरीही पुरावा मागणाऱ्याच्या निष्ठेवरच बोट ठेवण्याची आपल्याकडे घाई असते.

परतीचा न्याय सरसकट लावता येत नाही, तो वस्तूगणिक करावा लागतो. ब्रिटिश राजघराण्याच्या संग्रहातील ‘जगदंबा’ तलवार १८७५-७६ च्या दौऱ्यात कोल्हापूरच्या छत्रपतींकडून युवराजाला भेट गेली. उलट नागपूरच्या पहिल्या रघूजी भोसल्यांची तलवार सीताबर्डीच्या लढाईनंतरच्या लुटीत गेली असावी, असा तर्क आहे, आणि तीच शासनाला २०२५ मध्ये लंडनच्या लिलावातून ४७.१५ लाख रुपये मोजून घ्यावी लागली. सांस्कृतिक वस्तूंच्या चोरट्या व्यापाराविरुद्धचा युनेस्कोचा १९७० चा करार भारताने १९७७ मध्ये स्वीकारला खरा, पण तो मागच्या काळाला लागू होत नाही.

परदेशी संग्रहालये काहीच देत नाहीत, हेही चूक: ग्लासगोने २०२२ मध्ये सात वस्तू भारताला देण्याचा करार केला. तिकडे वस्तू सुरक्षित असतात, हा युक्तिवाद करणाऱ्यांनी ब्रिटिश म्युझियमच्या स्वतःच्या कोठारातून सुमारे २,००० वस्तू गहाळ, चोरीला गेलेल्या किंवा खराब झालेल्या असल्याचे २०२३ मध्ये उघड झाले, ते आठवावे. आणि सारे काही इंग्रजांनीच नेले, असेही नाही. तमिळनाडूतील श्रीपुरंदनचा नटराज स्वतंत्र भारतातल्या मंदिरातून चोरीला गेला, ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनाने विकत घेतला आणि २०१४ मध्ये परत आला, तो पाँडिचेरीच्या फ्रेंच संस्थेकडे मूर्तींची जुनी छायाचित्रे होती म्हणून.

इंदापूर तालुक्यात उजनीचे पाणी उतरले की पळसदेवचे पळसनाथ मंदिर उघडे पडते. अशा मंदिरांच्या आवारात आणि गावोगावच्या वेशींवर टेकवलेल्या वीरगळांपैकी, म्हणजे लढाईत पडलेल्यांच्या स्मारकशिळांपैकी, एखादी उद्या लंडनच्या लिलावात दिसली, तर ती इथलीच हे सिद्ध करायला मोजमापासह काढलेले एक छायाचित्र लागेल. विहीर किंवा पाइपलाइन खोदताना हाती लागलेली नाणी ज्याचे शेत त्याची, हा समजही १८७८ च्या निखात निधी कायद्यापुढे टिकत नाही. दहा रुपयांहून अधिक किमतीचे पुरलेले धन सापडल्यास ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे.