तास किती वाजता भरतात? बाबासाहेब, वाणिज्य, कायदा आणि नोकरी करून शिकणारी मुले

वेरूळच्या पाच क्रमांकाच्या लेणीला लोक आजही ‘महारवाडा’ म्हणतात. शंभर फुटांहून लांब दालन आणि त्यात समांतर जाणारे दोन बुटके दगडी ओटे. ते जेवणासाठी होते की पठणासाठी, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. पण रांगेने बसून एकत्र काही करण्याची ही जागा होती, एवढे पाहताक्षणी कळते. आम्ही तरुणांचे गट घेऊन तिथे जातो. त्यातली बरीच मुले वाळूज एमआयडीसीत शिफ्ट करणारी. लेणी बघून झाली, डबे उघडले, की एक प्रश्न हमखास येतो : नोकरी सांभाळून एलएल.बी. करता येते का? संध्याकाळचे कॉलेज कुठे आहे?

या प्रश्नाचे नीट उत्तर द्यायचे तर शंभर वर्षे मागे, मुंबईत जावे लागते.

मुंबई विद्यापीठ १८५७ चे. सरकारी लॉ स्कूल त्याच्याही दोन वर्षे आधीचे. पण त्या काळी कायद्याचे शिक्षण म्हणजे अर्धवेळ मामला होता. शिकवणारे हायकोर्टात वकिली करणारे, म्हणून तास कोर्ट सुरू होण्याआधी नाहीतर सुटल्यावर. वाणिज्य तर विद्यापीठात फार उशिरा आले. हिशेब ठेवणे हे दुकानात बसून शिकायचे काम, त्याला पदवी कशाला, असा समज होता. गिरण्या, बँका, विमा कंपन्या वाढल्या, १९१३ चा कंपनी कायदा आला, हिशेब तपासणाऱ्या प्रशिक्षित माणसांची गरज भासू लागली. त्याच वर्षी सिडनहॅम कॉलेज निघाले. आशियातले पहिले वाणिज्य महाविद्यालय म्हणून ते ओळखले जाते. जगातही हेच वारे होते. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स १८९५ मध्ये सुरू झाले तेव्हा दिवसा नोकरी करणाऱ्यांसाठी संध्याकाळची व्याख्याने हा त्याचा मोठा भाग होता. न्यूयॉर्क विद्यापीठाने १९०० मध्ये वाणिज्य शाखा काढली.

आता बाबासाहेबांकडे येऊ. त्यांचे ‘बॅरिस्टर’ आणि ‘घटनाकार’ हे रूप आपल्याला पाठ आहे. पण पोटापाण्यासाठी त्यांनी वाणिज्याच्या विद्यार्थ्यांना शिकवले, हे आपल्या भाषणांत क्वचित येते. १९१७ मध्ये बडोद्याची नोकरी सोडावी लागल्यावर त्यांनी मुंबईत शेअर्सबाबत सल्ला देण्याचा व्यवसाय करून पाहिला. सल्लागाराची जात कळली आणि गिऱ्हाईक यायचे थांबले. नोव्हेंबर १९१८ मध्ये ते सिडनहॅममध्ये अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले, पगार ४५० रुपये. वर्गात मुले मन लावून ऐकत. प्राध्यापकांच्या खोलीत मात्र सामाईक माठातले पाणी त्यांनी प्यावे याला काही सहकाऱ्यांचा आक्षेप होता. त्या पगारातून शिल्लक टाकून, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांचे कर्ज घेऊन ते १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेले. म्हणजे ज्या पदव्यांचा आपण अभिमान बाळगतो, त्यांच्या खर्चाचा एक हिस्सा वाणिज्याच्या वर्गातून आला.

परत आल्यावर १९२३ मध्ये त्यांनी हायकोर्टात वकिली सुरू केली. अस्पृश्य बॅरिस्टरकडे पक्षकार कुठून येणार? तेव्हा १९२५ ते १९२८ अशी तीन वर्षे ते बाटलीबॉय अकाउंटन्सी ट्रेनिंग इन्स्टिट्यूट या खासगी संस्थेत व्यापारी कायदा शिकवत होते. व्यापार आणि कायदा एकाच माणसाच्या रोजीरोटीत असे एकत्र आले. जून १९३५ मध्ये ते मुंबईच्या गव्हर्नमेंट लॉ कॉलेजचे प्राचार्य झाले आणि १९३८ पर्यंत राहिले. १९३६ मध्ये त्यांनी कॉलेजच्या नियतकालिकात कायद्याच्या शिक्षणात काय सुधारायला हवे यावर लेखही लिहिला.

प्राचार्य होण्याच्या जेमतेम वर्षभर आधी, १९३४ मध्ये, बाबासाहेब तीसेक सहकाऱ्यांसह वेरूळची बौद्ध लेणी पाहायला निघाले होते. वाटेत दौलताबादच्या किल्ल्यापाशी टाक्यावर हातपाय धुतले म्हणून ‘पाणी बाटवले’ असा गोंधळ झाला, शिवीगाळ झाली आणि पुढे पाण्याला हात न लावण्याच्या अटीवर किल्ला पाहावा लागला. सिडनहॅमच्या माठानंतर सोळा वर्षांनी हे घडले, विलायतेच्या पदव्या नावापुढे असताना. वेरूळला जाताना आम्ही गाडी तिथे थांबवतो.

म्हणून बाबासाहेबांनी स्वतःची संस्था काढली. ८ जुलै १९४५ रोजी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि १९४६ च्या जूनमध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू झाले. आमच्या मते या कॉलेजची सर्वांत क्रांतिकारक गोष्ट म्हणजे त्याचे वेळापत्रक. तास सकाळी लवकर भरत, म्हणजे तास संपवून मुलगा दहा-अकराच्या कचेरीला वेळेवर पोहोचत असे. त्याच संस्थेचे वाणिज्य महाविद्यालय १९५३ मध्ये आणि विधी महाविद्यालय १९५६ मध्ये निघाले. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, इथे उच्च शिक्षणाची सोय तोकडीच. १९५० मध्ये औरंगाबादला जे कॉलेज निघाले ते पुढचे मिलिंद. नंतर नागसेनवनात संस्थेची वाणिज्य आणि विधी महाविद्यालयेही उभी राहिली.

आता मुलांच्या प्रश्नाचे उत्तर. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या नियमांप्रमाणे कायद्याचे वर्ग सकाळी ८ ते संध्याकाळी ७ या वेळेतच घ्यायचे असतात. ग्रंथालय मात्र रात्री १० पर्यंत उघडे ठेवता येते. हजेरी ७० टक्के लागते. म्हणजे सात वाजल्यानंतर भरणारे जुन्या पद्धतीचे रात्रीचे लॉ कॉलेज आता शक्य नाही. नियमामागचे कारण आम्हाला कळते : अर्धवेळ वर्गांत शिकवणे नावापुरते उरत होते आणि कच्च्या वकिलाचा फटका शेवटी गरीब पक्षकारालाच बसतो. पण नियम करताना कारखान्यातल्या मुलाचा विचार कोणी केला, असे दिसत नाही.

यातून काही जण पळवाट काढतात. ‘प्रवेश घ्या, हजेरीचे आम्ही बघतो’ असे सांगणारे भेटतात. आम्ही मुलांना स्पष्ट नको म्हणतो. पैसेही जातात आणि वकिलीही येत नाही. खरी वाट सिद्धार्थच्या जुन्या वेळापत्रकात आहे. सकाळी आठला सुरू होणारे सलग तास नियमाच्या वेळेत बसतात आणि सेकंड शिफ्टच्या कामगाराला झेपतात. अडचण एवढीच की शिफ्ट फिरती असते. कॉलेजने तास सकाळी घ्यावेत हे अर्धे काम, कारखान्याने शिकणाऱ्याला सेकंड शिफ्ट कायम द्यावी हे उरलेले अर्धे. पहिल्यासाठी विद्यार्थी संघटनांनी प्राचार्यांना भेटावे, दुसऱ्यासाठी कामगार संघटनांनी बोलावे. आपल्या माहितीत दोन्हीकडे कार्यकर्ते आहेत, पण ते एका टेबलावर क्वचितच बसतात.

आमच्या गटातल्या एकाने शिफ्ट कायम करून मिळावी म्हणून कंपनीत लेखी अर्ज दिला आहे. सोबत प्रवेशाची पावती जोडली आहे. उत्तर यायचे आहे.