लेथवर हातमोजे नकोत

खरादकाम करणाऱ्या आमच्या अनेक बांधवांची बोटे उतारवयात संधिवाताने आखडतात. लेथची थरथर आणि हत्याराची बारीक मूठ यांनी दुखणे वाढते. मग आराम वाटावा म्हणून हातमोजे घालून काम केले जाते. आम्हाला स्पष्ट सांगावेसे वाटते की, ही सवय घातक आहे. मिनिटाला हजारावर फेरे घेणारे लाकूड मोज्याचा एखादा धागा पकडते आणि मोज्याबरोबर बोटेही ओढून नेते. उघड्या हाताला खरचटेल, पण तो सुटण्याची शक्यता तरी असते. पलंगाचा पाय असो वा चन्नपट्टणचे लाखेचे खेळणे, नियम एकच.

मग दुखणाऱ्या हातांनी काय करावे? मुठीवर सायकलच्या ट्यूबचे रबर गुंडाळावे. जाड मूठ धरायला जोर कमी लागतो. हत्याराला वरचेवर धार लावावी, बोथट पटाशी हात दमवते. पॉलिश पेपर बोटांना गुंडाळू नये. कामापूर्वी हात कोमट पाण्यात ठेवावेत, अधूनमधून विसावा घ्यावा. मोजे घालायचेच तर लेथ बंद असताना, ओंडके उचलण्यापुरते घालावेत. सांधे सुजले तर डॉक्टरांना दाखवावे.

दुखऱ्या बोटांवर इलाज आहे. तुटलेली बोटे परत येत नाहीत.