पिकअपमधील डिझेलची सुटी टाकी

गळीत हंगामात शेतावरच्या ट्रॅक्टरसाठी डिझेल न्यायला बरेच सभासद पिकअपच्या हौद्यात बॅरल उभे करून दोरीने बांधतात. हे आम्हाला बिलकूल पसंत नाही. २०० लिटर डिझेलचेच वजन सुमारे १६५ किलो भरते. करकचून ब्रेक लागला की ते थेट केबिनवर येते. अर्धी टाकी तर आणखीच खोडसाळ, आतले डिझेल हिंदकळून वळणावर गाडीला हिसके देते. म्हणून टाकी बुटकी, रुंद आणि आत आडपडदे असलेली घ्यावी. जस्ताचा मुलामा नको. जस्त डिझेलमध्ये उतरते आणि नोझलची वाट लागते.

टाकी केबिनच्या बाजूला टेकवून, खाली रबर घालून ठेवावी. दोन रॅचेट पट्टे चेसिसला पक्क्या केलेल्या कड्यांत ओढावेत, नुसत्या पत्र्याला नव्हे. आठ-दहा किलोमीटर गेल्यावर पुन्हा ताणून पाहावे. पट्टा सैल होतोच. काठोकाठ भरू नये. २० अंशांनी तापले तर २०० लिटरमागे तीनेक लिटर डिझेल फुगते. टाकी उतरवायची ती रिकामी करूनच.

आणि पेट्रोल? या टाकीत थेंबभरही नको. त्याची वाफ थंडीतसुद्धा एका ठिणगीने पेटते.