शिंगटीचं नाव लंडनला गेलं, त्याची गोष्ट

मैत्रिणींनो, तुमच्या गावच्या बाजारात शिंगटी मिळते का हो? आमच्या वाशिमकडे मिळते. मिशावाला, बिनखवल्यांचा, पाठीवर आणि दोन्ही बाजूंना टोकदार काटे असलेला मासा. मासे विकणाऱ्या मावशी हमखास बजावतात, "पाह्यून धरजा बाई, काटा रुतला का हात ठणकते." तर या कुळातल्या एका माशाचं शास्त्रीय नाव आहे मिस्टस शिंगटी. जगभरातल्या संग्रहालयांत बाटलीवर हेच नाव लिहितात. लॅटिनच्या शेजारी आपली शिंगटी ऐटीत बसलेली!

ही करामत कर्नल विल्यम हेन्री साईक्स या इंग्रजाची. जन्म १७९०चा. मिसरूड फुटायच्या आत ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेत भरती झाला. १८१७ला खडकीच्या लढाईत पेशव्यांविरुद्ध लढला, म्हणजे तो काही आपल्या बाजूचा नव्हे. पुढे १८२४ साली मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टन यानं त्याला नवीन मुलखाची मोजदाद करायला सांगितलं. पुणे, अहमदनगर, धारवाड आणि खानदेश. माणसं किती, पिकं कोणती, मजुरी काय, वतनं कुणाची, सगळं लिहायचं. सरकारला अर्थातच सारा वसूल करायचा होता. पण साईक्सची नजर शेताच्या बांधावरून झाडावर आणि नदीत जायची. तळ पडला की कोण काय मारून, पकडून आणतं ते तो बघायचा, मोजायचा, पोट फाडून काय खाल्लंय तेही टिपायचा. १८२९च्या अखेरीस सरकारनं ते पदच मोडीत काढलं. यानं परवानगी काढून काम १८३१पर्यंत पुरं केलं, मग विलायतेला गेला.

१८३२ साली त्यानं दख्खनच्या २३६ पक्ष्यांची यादी छापली. त्यातले कितीतरी शास्त्राला नवे होते. एका रातव्याला त्यानं 'महरत्तेन्सिस' म्हटलं, म्हणजे मराठ्यांचा. एका छोट्या तुरेवाल्या चंडोलाला नाव दिलं 'देवा'. आपलं वऱ्हाड तेव्हा निजामाकडे होतं, त्यामुळे साईक्सची मोजदाद इथवर आली नाही. पण पाखरांना कुठली आलीय हद्द? हा चंडोल आपल्याकडच्या माळरानांवरही असतो. कारंजा-सोहोळच्या काळवीट अभयारण्याकडे गेलात तर गवतातून सरळ वर उडत गाणारा तांबूस पक्षी दिसतो का बघा. मेळघाटातल्या रानकुत्र्याच्या नावातही साईक्सनं 'दुखुनेन्सिस', म्हणजे दख्खनचा, हा शब्द घातला. आणि मराठ्यांत याला कोळसून म्हणतात, असंही लिहून ठेवलं.

माशांच्या बाबतीत तर त्यानं कमालच केली. भीमा, मुळा-मुठा या नद्यांतल्या चाळीसहून जास्त माशांचं वर्णन त्यानं केलं, आणि १८३९मध्ये जी नावं दिली त्यातली बरीचशी काठावरच्या लोकांच्या तोंडची. खुद्री, मुसुल्ला, कावरस, मल्या. एका माशाचं नाव पोटेल. इंग्रज त्या काळी पाटलाला असंच लिहायचे! एक आहे नुक्ता. त्याच्या नाकाडावर खोल खाच असते, म्हणून हा आपला 'नकटा'च असावा असं मला वाटतं. खुद्री म्हणजे मोठ्या खवल्यांचा महाशीर. नद्यांत तो कमी झाला, म्हणून लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या केंद्रात १९७०च्या दशकापासून त्याची पिल्लं वाढवू लागले.

साईक्स पुढे कंपनीचा डायरेक्टर झाला, पार्लमेंटात गेला, १८७२ला वारला. त्यात मला फारसा रस नाही.

मला राहून राहून वाटतं ते वेगळंच. त्याच्या माशांपैकी काहींना माणसांची नावं आहेत, त्यातले दोघे व्हिगर्स आणि ओगिल्बी. दोघंही लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेचे साहेब. पण जाळं टाकणारा भोई आणि पाटी डोक्यावर घेऊन बाजारात बसणारी त्याची बायको, यांचं नाव एकाही माशाला नाही. 'ही शिंगटी, हा मल्या' हे त्याला सांगितलं असणार अशाच माणसांनी. एरवी परमुलखातल्या फौजी माणसाला ते कळणार कसं? मी म्हणते, मासा धुऊन, कापून, चुलीवर चढवणाऱ्या बाईला त्याचे काटे आणि खवले साहेबापेक्षा कमी ठाऊक होते का?

आता आपल्या शेतातलंच घ्या. निंदणाला जाणाऱ्या बाया तणांची नावं धडाधड सांगायच्या. तरोटा, कुंजरू, घोळ, करडू, हराळी, लव्हाळा. कोणतं भाजीचं, कोणतं गुरांना, कोणतं मुळापासून उपटायचं, हे सासू सुनेला सांगायची तेही काम करता करताच. हल्ली सोयाबीनवर तणनाशक मारलं की निंदणच उरत नाही. मग नाव सांगणार कोण, कुणाला?

म्हणून यंदाच्या पावसाळ्यात मी एक शंभरपानी वही केली. एका बाजूला तणाचं नाव, दुसऱ्या बाजूला सांगणारीचं. शेजारच्या दोघी आजींना धुऱ्यावर बसवून विचारलं. केन्यावर गाडी अडली. एक म्हणे केना आणि केनी एकच. दुसरी म्हणे, "काहून एक राहीन व? केन्याचं पान रुंद, केनीचं चिपाड!" दोघी एकमेकींना ऐकेनात. शेवटी दोन्ही उपटून आणले, वहीत दाबले, आणि दोघींची नावं लिहिली.