माझं काय चुकलं?

शिरूर तालुक्यात, घोड नदीकाठच्या एका गावात संध्याकाळी डेअरीवर उभी होते. दूध मोजून झालं, फॅट लागली आणि पावती निघायच्या ऐवजी पडद्यावर आलं: ‘त्रुटी. पुन्हा प्रयत्न करा.’ रिकामी किटली धरून उभ्या आजींनी मशीनवरच्या पोराकडून ते वाचून घेतलं आणि विचारलं, “माझं काय चुकलं रं?”

त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. पोरानं मशीन बंद-चालू केलं, वायर हलवून पाहिली, शेवटी आकडे वहीत लिहून घेतले. आजींचा प्रश्न मात्र माझ्या डोक्यातून जाईना.

असे संदेश तपासतं कोण, हे बघायला दौंडला गेले. स्टेशनजवळच्या घरातून एक तरुणी कोड रिव्ह्यूचं काम करते. दुसऱ्याने केलेला बदल मुख्य कोडमध्ये जाण्याआधी ती ओळ न् ओळ वाचते. त्या दिवशीचा बदल सर्व्हरशी जोडणी करणाऱ्या भागात होता. डेअरीशी त्याचा संबंध नव्हता, दुखणं मात्र तेच. जोडणी कशानेही फसो, जुना कोड एकच उत्तर द्यायचा: उणे एक.

“खरं कारण लिनक्स आकड्यात सांगत असतं,” ती म्हणाली. ११० म्हणजे हाक मारली, पण ठरल्या वेळात उत्तर आलं नाही. ११३ म्हणजे तिथवर वाटच नाही. आणि १११ म्हणजे जोडणी नाकारली; बहुधा पलीकडचं यंत्र चालू आहे, पण त्या पोर्टवर ऐकायला कुणी बसलेलं नाही. १११ असेल तर इकडची वायर हलवून काय होणार?

नव्या बदलात हा आकडा संदेशात दिला होता. मला वाटलं, झालं काम. ती दोन ओळींवर थांबली. तिथे आधी सॉकेट, म्हणजे जोडणीचं इकडचं टोक, बंद होत होतं आणि मग ‘एररनो’, म्हणजे लिनक्सने दिलेला तो आकडा, वाचला जात होता. बंद करतानाच आणखी काही बिघडलं, तर १११ पुसून तिथे दुसराच आकडा बसणार. तिने शेरा लिहिला: ‘आधी आकडा जपून ठेव, मग सॉकेट बंद कर.’ पुढे ‘तुमची नोंद सुरक्षित आहे’ असं वाक्य होतं. त्यावर तिचा शेरा: ‘नोंद खरोखर साठवली असेल तरच हे दाखव.’

मी तिला आजींचा प्रश्न सांगितला. ती क्षणभर गप्प राहिली. मग मंजुरी न देताच तिने तिसरा शेरा टाकला: ‘चूक वापरणाऱ्याची नसेल, तर तसं स्पष्ट लिही.’