जिल्हा कोणता, आजी?

स्मृतिभ्रंशाच्या प्राथमिक चाचणीत सुरुवातीलाच काही प्रश्न असतात. आज वार कोणता? महिना कोणता? हे गाव कोणतं, जिल्हा कोणता? कागदावर ते सोपे दिसतात. नवी मुंबईतल्या एखाद्या घरी बसून विचारले की त्यांचा सोपेपणा संपतो. बेलापूरच्या आजींचा जिल्हा ठाणे, आणि पुढच्याच स्टेशनावर, खारघरला, जिल्हा रायगड. पनवेलकडच्या ऐंशी वर्षांच्या आजी 'कुलाबा' म्हणाल्या, तर त्यांचं चुकलं का? १ जानेवारी १९८१ रोजी कुलाबा जिल्ह्याचं नाव रायगड झालं, तेव्हा त्या पस्तिशीच्या आसपास होत्या. लग्न, बाळंतपणं, रेशनकार्ड, सगळं कुलाबा जिल्ह्यात झालेलं. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोची स्थापना १९७० सालची. पुढे ९५ गावांच्या जमिनी घेऊन भातखाचरांवर सेक्टर आखले गेले. 'गाव कोणतं' या प्रश्नाला आजी जुन्या गावाचं नाव सांगतात आणि मुलाच्या वीजबिलावर नोड आणि सेक्टर छापलेला असतो.

मग या उत्तराला शून्य द्यायचं की एक?

समोर बसून हे ठरवणारी व्यक्ती सहसा पंचविशी-तिशीतली असते. मानसशास्त्र, समाजकार्य किंवा लोकसंख्याशास्त्रात एम. ए. झालेली, प्रकल्पावर नेमलेली, पीएच.डी. करणारी किंवा करू पाहणारी. तिनं दिलेला एकेक गुण पुढे बेरजेत मिसळतो आणि 'भारतात स्मृतिभ्रंशाचे रुग्ण किती' या प्रश्नाचं उत्तर बनतो. आजचं सर्वांत भरवशाचं उत्तर आहे साठीपुढच्या लोकांत ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं. हा आकडा २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. तो आला 'लासी-डॅड' या अभ्यासातून, आणि त्या अभ्यासाचं मूळ नवी मुंबईपासून दोन स्टेशनांवर आहे.

वाशीहून लोकल सुटली की खाडीपूल ओलांडून मानखुर्द आणि मग गोवंडी. तिथून जवळच देवनारला आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था, म्हणजे आयआयपीएस, आहे. देशातल्या वृद्धांचा दीर्घकाळ मागोवा घेणारा 'लासी' हा प्रकल्प याच संस्थेनं हार्वर्ड आणि सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठांबरोबर उभा केला. २०१७-१८ च्या पहिल्या फेरीत ४५ वर्षांवरचे लोक आणि त्यांचे जोडीदार मिळून ७२ हजारांहून जास्त जणांची माहिती गोळा झाली. त्यातल्याच साठीपुढच्या ४,०९६ जणांची स्मरणशक्ती, भाषा आणि विचारक्षमता दिल्लीच्या एम्सच्या साथीनं बारकाईनं तपासली गेली, तो लासी-डॅड. गोवंडीहून पुढे हीच हार्बर लाइन तरुण संशोधकांना सँडहर्स्ट रोडला जे. जे. रुग्णालयाजवळ किंवा सीएसएमटीला नेऊन सोडते. टीआयएफआर, म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्था, गाठायची तर सीएसएमटीवरून कुलाब्याची बस. हा मुंबईतला कुलाबा, आजींचा नव्हे. कर्करोगाच्या संशोधनासाठी खारघरला टाटा स्मारक केंद्राचं अख्खं संकुल आहे. मेंदूच्या झिजेवर काम करायचं म्हटलं, तर मात्र नवी मुंबईकर संशोधकाचा दिवस बहुधा लोकलपासून सुरू होतो.

मुंबईचं या विषयाशी नातं मात्र जुनं आहे. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासासाठी इथल्या चाळिशीपुढच्या २४,४८८ लोकांची पाहणी झाली होती. त्यात पासष्टीपुढच्यांत स्मृतिभ्रंशाचं प्रमाण २.४४ टक्के आढळलं. २०१० मध्ये पुण्याच्या अभ्यासात पासष्टीपुढच्यांसाठीच ४.१ टक्के हा आकडा आला. आणि आता साठीपुढच्यांत ७.४. आजार एवढा वाढला का? थोडा वाढलाही असेल, कारण माणसं जास्त जगू लागली. पण चाचण्या वेगळ्या, व्याख्या वेगळ्या, विचारणाऱ्याची तयारी वेगळी, हेही फरकाचं मोठं कारण आहे. 'साठी बुद्धी नाठी' म्हणत ज्या घरानं आजोबांचं वागणं वयाच्या खात्यात टाकलं, त्या घरातून जुन्या पाहणीत नोंद झालीच नसेल.

भाषेचा प्रश्न इथेच पुढे येतो, आणि तरुण संशोधकांच्या कष्टाचा मोठा वाटा त्यातच जातो. जगभर वापरली जाणारी मूळ इंग्रजी चाचणी 'वर्ल्ड' या शब्दाचं स्पेलिंग उलटं सांगायला लावते. मराठीत स्पेलिंग नसतं, असतात अक्षरं, काना-मात्रा आणि जोडाक्षरं. त्यातून समोरच्या बाई शाळेत गेलेल्याच नसतील तर प्रश्नच खुंटला. हरियाणातल्या बल्लभगढमध्ये मेरी गांगुली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या हिंदी चाचणीनं यावर उपाय शोधला: आठवड्याचे वार उलट्या क्रमानं सांगायचे. निरक्षर माणसालाही वार माहीत असतात, बाजार कधी भरतो हे त्यांच्यावरच ठरतं. एवढा साधा बदल सुचायला गावात दिवस काढावे लागतात.

मराठीसाठी असं काम किती झालं? भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनं, म्हणजे आयसीएमआरनं, भारतीय भाषांसाठी चाचण्यांचा एक संच तयार करवून घेतला. त्याच्या पहिल्या पाच भाषा होत्या हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम. 'ॲडनब्रूक' ही दुसरी नावाजलेली चाचणी २०२० मध्ये भारतात सात भाषांत प्रमाणित झाल्याचं प्रसिद्ध झालं, त्या सातांतही मराठी नव्हती. मराठीत चाचण्याच नाहीत, असं नाही. लासी-डॅड बारा भाषांत झाला आणि मराठी त्यांतली एक होती. पण दवाखान्यात रोज वापरायच्या साधनासाठी भाषांतर पुरत नाही. चौथी शिकलेली, पदवीधर, निरक्षर अशा शेकडो धडधाकट वृद्धांना तीच चाचणी देऊन कोणाकडून किती गुणांची अपेक्षा धरायची, हे ठरवावं लागतं. 'प'पासून सुरू होणारे शब्द सांगा म्हटल्यावर 'प्रकाश' धरायचा का? नवी मुंबईच्या मूळ गावांत आगरी बोलली जाते. तिच्यात 'ण'चा 'न' आणि 'ळ'चा 'ल' होतो. मागून म्हणायच्या वाक्यात आजींनी 'पाणी'चं 'पानी' केलं तर ती त्यांची बोली आहे, दोष नाही. हे नोंदवायला आगरी कानांचा माणूस लागतो, आणि तो सूचना-पुस्तिकेतून तयार होत नाही.

या कामातून निघालेला शोधनिबंध मोठ्या नियतकालिकात झळकत नाही. पण त्याच्यावाचून बाकीचं सगळं लटकं पडतं. संशोधन समित्यांनी हे काम जनुकांच्या आणि औषधांच्या कामाइतकंच मोलाचं मानायला हवं.

भाषेकडे नीट पाहिलं तर काय हाती लागतं, याचं देशातलं ठळक उदाहरण हैदराबादचं आहे. सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांनी ६४८ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. २०१३ मध्ये त्यांनी दाखवलं, की एकाहून जास्त भाषा बोलणाऱ्यांत आजाराची लक्षणं सरासरी साडेचार वर्षं उशिरा दिसली, आणि हा फरक शाळेत न गेलेल्यांतही होता. घरी आगरी, बाजारात हिंदी, शाळेच्या गेटवर नातवाशी इंग्रजीमिश्रित मराठी असं बोलणारी माणसं पनवेल-वाशी पट्ट्यात पावलोपावली भेटतात. पीएच.डी.साठी विषय शोधणाऱ्यांना फार दूर जायला नको.

पण पीएच.डी. पुरी होईपर्यंत टिकायचं कसं? केंद्राच्या कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्तीची रक्कम २०१४ मध्ये २५ हजार रुपये होती. पुढची वाढ मिळवायला देशभरच्या संशोधकांना रस्त्यावर यावं लागलं. जानेवारी २०१९ पासून ती ३१ हजार झाली आणि जानेवारी २०२३ पासून ३७ हजार. घरभाडेभत्ता वेगळा. ही रक्कमही राष्ट्रीय पात्रता परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्यांसाठी. घरोघर फिरणाऱ्या प्रकल्प-सहायकांचं मानधन प्रकल्पाच्या अंदाजपत्रकावर ठरतं आणि नेमणूक वर्षा-वर्षानं वाढते, किंवा वाढत नाही. विद्यावेतन महिनोन्‌महिने रखडल्याच्या तक्रारी तर देशभरातून येत असतात. ज्या शहरात एका खोलीचं भाडं निम्मा पगार खातं, तिथं तीन महिन्यांचं विद्यावेतन थकलं की गावाकडून पैसे मागवावे लागतात. तिशीच्या उंबरठ्यावरच्या मुलीला ते मागताना काय वाटत असेल, हे मराठी घरांना सांगायला नको.

आजाराची चाल आणि नोकरीची मुदत यांचा मेळच बसत नाही. अल्झायमरमध्ये मेंदूत अमिलॉइड प्रथिनाचे थर साचू लागतात ते लक्षणं दिसण्याच्या पंधरा-वीस वर्षं आधी. हा आजार समजून घ्यायचा तर तीच माणसं पुन्हा पुन्हा, वर्षानुवर्षं तपासायला हवीत. बंगळुरूच्या सेंटर फॉर ब्रेन रिसर्चनं कोलार जिल्ह्यातल्या श्रीनिवासपुरात दहा हजार ग्रामस्थांचा असाच दीर्घ मागोवा घ्यायला घेतला आहे. असे अभ्यास दशकांचे असतात आणि त्यांत राबणाऱ्या मुलांची नेमणूक दोन-तीन वर्षांची. ज्या मुलीला आजींनी ओळखीच्या नजरेनं घरात घेतलं, ती पुढच्या फेरीला नसते. नवीन मुलगा येतो, आणि विश्वास पहिल्यापासून मिळवावा लागतो.

प्रयोगशाळेतही घाई चालत नाही. टीआयएफआरमध्ये सुदीप्त मैती यांचा गट अमिलॉइडचे छोटे पुंजके पेशीला का घातक ठरतात, हे प्रकाशाच्या साहाय्यानं तपासत आला आहे. आयआयटी मुंबईत समीर माजी यांचा गट पार्किन्सन्सशी निगडित प्रथिनाच्या गुठळ्यांचा अभ्यास करतो. ही प्रथिनं लहरी. तापमान, आम्लता, भांड्याचा पृष्ठभाग, काहीही बदललं की गुठळ्या बनण्याचा वेग बदलतो, आणि एक आकृती पक्की करायला महिने जातात. उंदरांवर काम असेल तर ते म्हातारे होण्याची वाट पाहायची.

एवढं करून पायाच कच्चा निघाला तर? २००६ मध्ये 'नेचर'मध्ये एक निबंध आला. अमिलॉइडच्या एका विशिष्ट पुंजक्यानं उंदरांची स्मृती जाते, असा त्याचा दावा होता. दोन हजारांहून अधिक वेळा त्याचा दाखला दिला गेला. त्यातल्या आकृत्यांत फेरफार असल्याची शंका मॅथ्यू श्रॅग या अमेरिकेतल्या, तेव्हा कारकिर्दीच्या सुरुवातीला असलेल्या मेंदूविकारतज्ज्ञानं मांडली, २०२२ मध्ये 'सायन्स'नं ते प्रकरण उजेडात आणलं आणि जून २०२४ मध्ये निबंध मागे घेतला गेला. अमिलॉइडवरचं सगळं संशोधन त्या एका निबंधावर उभं नाही, हेही खरं. तरी ज्यांनी तो पुंजका शोधण्यात आपली उमेदीची वर्षं घातली, त्यांना ती कोण परत देणार? आणि श्रॅगनं बड्या नावांविरुद्ध बोलण्याची जोखीम घेतली, तशी ती वरिष्ठाच्या शिफारसपत्रावर पुढची नोकरी अवलंबून असलेल्या किती जणांना घेता येईल?

घरभेटींचा भार आणखी वेगळा. चाचणी चालू असते, सून दारात उभी असते. आजोबांना मुलाचं नाव आठवत नाही आणि ते हसून वेळ मारून नेतात. त्या हसण्याकडे पाहत पुढचा प्रश्न विचारायचा असतो, कारण मध्येच सूचक शब्द पुरवला तर चाचणी बाद. मग जवळच्या नातेवाइकाची वेगळी मुलाखत. तिथे बांध फुटतो. रात्री दार उघडून निघून जाणं, 'जेवायला दिलं नाही' म्हणून शेजाऱ्यांकडे तक्रार, साडीतच झालेली लघवी. ऐकणारी मुलगी डॉक्टर नसते. औषध सांगायचं नाही, निदान सांगायचं नाही, फक्त लिहून घ्यायचं. संमतीपत्राचाही पेच असतो. आयसीएमआरच्या २०१७ च्या नीतिनियमांनुसार ज्याला स्वतः समजून संमती देता येत नाही, त्याच्या वतीनं कायदेशीर प्रतिनिधीची संमती घ्यावी लागते. पण आजोबा सकाळी समजून सही करतात आणि दुपारी 'ही कोण बाई?' म्हणतात. अशा दिवसांनंतर या मुलामुलींचं कोणी ऐकून घ्यावं, यासाठी प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात तरतूद हवी.

याच घरभेटींतून उपायही निघू शकतो, हे गोव्यानं दाखवलं. विक्रम पटेल आणि मार्टिन प्रिन्स यांनी २००१ मध्ये गोव्यातल्या घरांचा अभ्यास मांडला होता. लोक लक्षणं ओळखत होते, पण तो आजार मानत नव्हते. मुलांनी हेळसांड केली म्हणून असं झालं, असाही समज होता. मग अमित डायस आणि सहकाऱ्यांनी ८१ कुटुंबांबरोबर चाचणी घेतली. विशेषज्ञांच्या देखरेखीखाली प्रशिक्षित गृहसल्लागार निवडक घरी नियमित जात राहिले. आजार काय आहे, रागावलेल्या माणसाशी कसं वागावं, काळजी घेणाऱ्यानं स्वतःला कसं सांभाळावं, हे सांगत राहिले. सहा महिन्यांनी त्या घरांतल्या काळजीवाहकांचं मानसिक स्वास्थ्य इतरांपेक्षा चांगलं होतं. निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याआधी, १९९८ मध्ये, कोचीत '१०/६६' हा संशोधनगट स्थापन झाला होता. जगातले दोन तृतीयांश रुग्ण विकसनशील देशांत आणि त्यांच्यावरचं संशोधन दहा टक्क्यांहून कमी, हे त्या नावातच सांगितलं होतं.

मराठी घरांत हा आजार बोलायचा विषय झाला त्यात सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'अस्तु' या चित्रपटाचाही वाटा आहे. मोहन आगाशे यांनी, जे स्वतः मनोविकारतज्ज्ञ आहेत, त्यात स्मृती हरवत चाललेल्या संस्कृत पंडिताची भूमिका केली. आता दार उघडणाऱ्या सुनेला निदान 'अल्झायमर' हा शब्द ऐकून माहीत असतो.

दार सापडलं तर. लासी-डॅडचे संशोधक दुसऱ्या फेरीत त्याच माणसांकडे पुन्हा गेले, कारण दीर्घ अभ्यासाचा जीवच त्यात असतो. नवी मुंबईत असं काम करायचं तर पत्ता टिकेल याची खात्री नाही. वाशीतल्या सिडकोच्या जुन्या इमारती पुनर्विकासाला निघाल्या आहेत. भाड्याच्या घरात गेलेलं कुटुंब कुठे आहे, हे वॉचमनला, कोपऱ्यावरच्या दूधवाल्याला, सोसायटीच्या सचिवाला विचारत फिरावं लागतं. शोधून काढलेल्या नव्या घरी आजी मग पुन्हा समोर बसतात. जिल्हा कोणता, या प्रश्नापुढे आता मजला कोणता, हाही प्रश्न असतो, आणि त्या आयुष्यात पहिल्यांदा बाराव्या मजल्यावर राहायला आलेल्या असतात.